शिक्षेचा आकडा अटकेच्या दिवशीच कामाला लागतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एका गुन्ह्याची कमाल शिक्षा वाढवणारे, किमान शिक्षा ठरवून देणारे आणि त्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये नेमू पाहणारे राज्य शासनाचे विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले आहे. समितीने हरकती व सूचना मागवल्या आहेत, मुंबईतील आपल्या छोट्या मदत केंद्राच्या हाती पंधरा दिवस आहेत, आणि वाचनाला कोठून सुरुवात करावी हे आपणास ठरवता येत नाही. मी सत्र न्यायालयात सव्वीस वर्षे फौजदारी वकिली केली असून त्यांतील निम्मी वर्षे अशा विधेयकांवर टिपणे लिहिण्यातही घालवली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

विधेयक हातात आले की बहुतेक जण सर्वांत मोठा आकडा शोधतात. सात वर्षांची दहा केली, दहाची जन्मठेप केली, मग ते योग्य की अयोग्य यावर वाद सुरू होतो, आणि टिपण तेथेच संपते. माझे सांगणे असे की हा आकडा निकालाच्या दिवसाचा आहे असे समजून तो वाचू नये, कारण तो अटकेच्या दिवशीच कामाला लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, तीन, सात आणि दहा वर्षांचे उंबरठे ठिकठिकाणी आहेत, आणि आरोपी दोषी आहे की नाही हे ठरण्याच्या कितीतरी आधी या उंबरठ्यांवरून त्याचे नशीब ठरत जाते.

तीनचा उंबरठा आधी घेऊ. एखाद्या राज्य अधिनियमाने गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र हे स्वतः सांगितले नसेल, तर ते संहितेच्या पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग ठरवतो, आणि केवळ शिक्षेच्या वर्षांवरून ठरवतो. शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र होतो. ती तीन किंवा त्याहून अधिक, पण सातपर्यंतच असेल, तर तो दखलपात्र व अजामीनपात्र होतो, आणि सातच्या पुढे गेली की खटला सत्र न्यायालयाकडे जातो. मग मसुद्यात ‘तीन वर्षांपर्यंत’ असे लिहिले असेल तर गुन्हा कोणत्या बाजूला पडतो? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ वरून नेमका हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. मसुदा लिहिणाऱ्याच्या मनात तसे होते की नाही, कोण जाणे. म्हणून विधेयकात ‘तीन वर्षांपर्यंत’ हे शब्द दिसले आणि जामिनाबद्दल स्वतंत्र खंड दिसला नाही, तर आपल्या टिपणातील पहिली सूचना तेथेच तयार झाली असे समजा.

सातची दहा वर्षे करणे हे तर त्याहून दूरगामी पाऊल आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी ऊठसूट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर तिची कारणे लिहावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेशकुमार प्रकरणात बजावले होते. आकडा सातच्या वर गेला की आरोपीची ही ढाल पातळ होते. आरोपपत्र साठ दिवसांत आले नाही तर मिळणारा डिफॉल्ट जामीन, शिक्षा ‘दहा वर्षे किंवा त्याहून अधिक’ असेल तर, नव्वद दिवसांवर जातो. गुन्ह्याच्या कबुलीवर तडजोडीने शिक्षा कमी करून घेण्याची वाटही सातच्या पुढे बंद होते. म्हणजे विधिमंडळाने बदलला एक आकडा, आणि प्रत्यक्षात बदलली अटक, कोठडी, जामीन, न्यायालय आणि तडजोड. यांतील एकाचाही उल्लेख विधेयकाच्या ‘उद्देश व कारणे यांच्या निवेदनात’ सहसा सापडत नाही.

हे शब्दांचे खेळ नव्हेत, हे आर्थर रोडला एकदा मुलाखतीच्या रांगेत उभे राहिले की कळते. त्या कारागृहाची मंजूर क्षमता वर्षानुवर्षे ८०४ म्हणून नोंदली जात होती आणि आत माणसे तीन हजारांच्या घरात असत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशभरातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारांतील तिघांना शिक्षा झालेलीच नाही. त्यामुळे ‘शिक्षा वाढवणारे’ विधेयक सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लागू होते ते शिक्षा न झालेल्यांना. आपल्या टिपणात केवळ एवढा एकच मुद्दा नीट मांडला गेला, तरी पंधरा दिवस कारणी लागले असे मी म्हणेन.

यावरून माझी वाचण्याची पद्धत सांगतो. मी एक काल्पनिक माणूस घेतो, उदाहरणार्थ कुर्ल्याचा बावीस वर्षांचा डिलिव्हरीचे काम करणारा मुलगा, पूर्वीचा एक किरकोळ गुन्हा नावावर असलेला, आणि त्याला विधेयकाच्या एकेका खंडातून चालवत नेतो. त्याला कोण अटक करील, कोणत्या हुद्द्याचा अधिकारी तपास करील, पहिला रिमांड कोणापुढे होईल, जामिनाचा अर्ज कोठे लागेल, पुराव्याचा भार कोणावर राहील, शिक्षा झाली तर अपील किती दिवसांत आणि कोठे, आणि माफी व मुदतपूर्व सुटका मिळेल की नाही. जेथे विधेयक उत्तर देत नाही, तेथे मूळ संहिता काय म्हणते ते शेजारी लिहितो. पीडित बाजूची बाई घेऊनही हीच फेरी पुन्हा करावी, कारण तिला न्यायालयात किती वेळा यावे लागेल, याचे उत्तरही याच खंडांत दडलेले असते.

पूर्वीचा एक गुन्हा मी मुद्दाम नावावर टाकला. संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर, आणि इतरांना निम्म्या काळानंतर, जामिनावर सोडण्याची तरतूद केली, तेव्हा तिचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असे आहे की एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटला प्रलंबित असेल तर ही सवलत नाही. मुंबईत एकाच प्रथम खबरीत चार कलमे लावणे ही रोजची गोष्ट आहे. पहिल्या पोटकलमाने उघडलेले दार दुसरे पोटकलम किती लोटून घेते, हे तपासल्यावाचून कोणत्याही सवलतीचे स्वागत करू नये.

किमान शिक्षेकडे वळतो. किमान शिक्षा म्हणजे न्यायाधीशावरचा अविश्वास कायद्यात लिहून ठेवणे होय. तो कधी कधी रास्तही असतो, हे मी बचावाचा वकील असूनही मान्य करतो. तथापि न्यायाधीशाच्या हाती काहीच उरले नाही तर काय होते, याचे उदाहरण जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०३ चे आहे. जन्मठेप भोगत असलेल्याने खून केला तर फाशीच, अशी ती तरतूद होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या मिठू प्रकरणात ती घटनाबाह्य ठरवली. आज दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ मध्ये फाशी किंवा उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर कारावास असे दोन पर्याय आहेत. माझा न्यायालयातील अनुभव असा की किमान शिक्षा फार वर चढवली की, पुरावा जरा डळमळीत असताना, न्यायाधीशाचा हात शिक्षेवर नव्हे तर दोषी ठरवण्यावरच अडखळतो. पूर्वी तो दोषी ठरवून कमी शिक्षा देत असे, आता तो संशयाचा फायदा देतो.

घाईत लिहिलेले शब्द किती वर्षे न्यायालयात फिरतात, याचे मुंबईतले उदाहरण शक्ती मिल प्रकरणाचे आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत सुमारे ८०,००० सूचना विचारात घेऊन अहवाल दिला आणि बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. तरीही २०१३ च्या दुरुस्तीने जुन्या दंडसंहितेत कलम ३७६-ई आले, ज्यात ‘पूर्वी दोषी ठरलेला’ आणि ‘त्यानंतर दोषी ठरलेला’ अशा पुन्हा बलात्काराचा गुन्हा करणाऱ्यास उर्वरित आयुष्यभर कारावास किंवा फाशी होती. आता हे ‘पूर्वी’ कोणापूर्वी? दुसरा गुन्हा पहिल्या शिक्षेनंतर घडलेला असला पाहिजे, की दोन निकाल मागेपुढे लागले तरी पुरे? विधेयकाच्या छाननीत विचारायचा प्रश्न हाच होता. शक्ती मिलमधील सामूहिक बलात्कारांच्या दोन खटल्यांचे निकाल २०१४ मध्ये पाठोपाठ लागले, तिघांना या कलमाखाली फाशी झाली, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने फाशी रद्द करून आयुष्यभराचा कारावास दिला. साडेसात वर्षे गेली. ‘पुनरपराधी’ अशा अर्थाचा कोणताही शब्द विधेयकात दिसला की त्याची व्याख्या मागा, आणि ती नसेल तर लिहून द्या.

‘जन्मठेप’ या शब्दाजवळही थांबा. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज वकिलांच्या खोलीतही ऐकू येतो. १९६१ च्या गोपाळ विनायक गोडसे प्रकरणापासून कायदा असा आहे की जन्मठेप म्हणजे संपूर्ण आयुष्य. जन्मठेप वीस वर्षांची धरण्याचा हिशेब केवळ शिक्षेचे अपूर्णांक (निम्मी, एकतृतीयांश) मोजण्यासाठी आहे, आणि चौदा वर्षे ही, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात शासनाला सुटकेचा विचार करण्यापूर्वी पाळावी लागणारी किमान मर्यादा आहे. विधेयक केवळ ‘जन्मठेप’ म्हणते की ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’, यावर संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) आणि माफी यांचे वेगवेगळे परिणाम संभवतात.

विशेष न्यायालयांच्या खंडाआधी मी विधेयकाची शेवटची पाने उघडतो, कारण तेथे वित्तीय ज्ञापन असते. त्यात ‘राज्याच्या एकत्रित निधीतून कोणताही आवर्ती खर्च येणार नाही’ अशा आशयाचे वाक्य असेल, तर नवे न्यायालय येणार नाही, चालू सत्र न्यायालयाच्या दारावर दुसरी पाटी लागणार आहे, एवढाच अर्थ घ्यावा. ज्या न्यायाधीशाच्या बोर्डावर आजच साठ प्रकरणे आहेत, त्याच्याच बोर्डावर ही एकसष्टावी येतील. लघुलेखक, सरकारी वकील, बेलीफ, साक्षीदारांना बसायला जागा, यांचा उल्लेख नसलेले विशेष न्यायालय मी कागदी समजतो.

मुदतींचेही तसेच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईच्या दोन दिवसांच्या अधिवेशनात मांडलेल्या, महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीच्या शक्ती विधेयकात तपासासाठी पंधरा आणि खटल्यासाठी तीस कामकाजाचे दिवस ठेवले होते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेथे तपासाची मुदत वाढवून तीस दिवस करण्यात आली, डिसेंबर २०२१ मध्ये ते संमत झाले, आणि केंद्रीय कायद्यांशी विसंगती असल्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ खाली लागणाऱ्या राष्ट्रपतींच्या संमतीपाशी अडकून राहिले. मुदतीवर माझा पहिला प्रश्न नेहमी कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेबद्दल असतो: नमुना तेथे किती दिवस पडून राहतो आणि विधेयक त्यासाठी काय देते? दुसरा प्रश्न असा, की मुदत उलटली तर काय? परिणाम लिहिलेला नसेल तर ती मुदत म्हणजे सदिच्छा, आणि सदिच्छेसाठी अधिनियम करण्याची आवश्यकता नसते.

येथे थोडे विषयांतर करतो. न्यायालयांविषयीची सर्वांत परिणामकारक विधेयके बहुधा दोन पानांची आणि कंटाळवाणी असतात. मुंबई नगर दिवाणी न्यायालयाची आर्थिक अधिकारमर्यादा २०१२ च्या दुरुस्तीने ५० हजारांवरून एक कोटीवर आणि २०२३ च्या दुरुस्तीने दहा कोटींवर नेली. ही दुसरी दुरुस्ती ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. एका आकड्याने शहरातील दाव्यांचा प्रवाह उच्च न्यायालयाकडून नगर दिवाणी न्यायालयाकडे वळला, आणि त्यावर वृत्तवाहिन्यांवर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

न्यायाधीशांच्या नेमणुकीचा खंड आपल्या विधेयकात एका ओळीचा असेल, पण ती ओळ मोलाची आहे. मकोका या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्य कायद्याच्या कलम ५ प्रमाणे विशेष न्यायालयाचा न्यायाधीश राज्य शासन नेमते, परंतु उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीने. आपल्या मसुद्यात ‘सहमतीने’ आहे की ‘विचारविनिमय करून’, ते पाहा, आणि दुसरे असेल तर पहिले मागा. याच फरकावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा न्यायाधीश-नियुक्तीचा निकाल उभा आहे, आणि त्याच प्रश्नावरून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणणारी २०१४ ची ९९ वी घटनादुरुस्ती ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने रद्द झाली. त्या आयोगातील सहांपैकी कोणतेही दोन सदस्य नाव अडवू शकत होते, आणि दोन ‘प्रतिष्ठित व्यक्ती’ म्हणजे कोण, याची पात्रता कायद्यात नव्हती. कॉलेजियमवर, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याच्या पद्धतीवर, माझेही पुष्कळ आक्षेप आहेत, पण छाननी करणाऱ्याने पर्यायाचा मसुदाही तितक्याच कठोरपणे वाचला पाहिजे.

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्यासारख्यांना एक फायदा आहे, तो सोडू नये. राज्याची विधेयके मराठीत मांडली जातात, पण अनुच्छेद ३४८ प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद प्राधिकृत पाठ मानला जातो. आमदार चर्चा करतात मराठी पाठावर आणि न्यायालय अर्थ लावते इंग्रजीवर. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ‘करील’ आणि ‘करू शकेल’, ‘आणि’ व ‘किंवा’, ‘शिक्षा होईल’ व ‘शिक्षेस पात्र ठरेल’ एवढ्याच जागा तपासल्या तरी एक संध्याकाळ सत्कारणी लागते. एका मसुद्यात मराठीत न्यायालयावर बंधन होते आणि इंग्रजीत मुभा. ते आमच्या केंद्रातील एका टंकलेखिकेच्या लक्षात आले, आम्हा तिघा वकिलांच्या नाही. थोडे शब्द किती वजनदार असतात, हेही मकोकात दिसते: एखाद्या आरोपीस जामीन नाकारण्यासाठी तो ‘या अधिनियमाखालील, किंवा अन्य कोणत्याही अधिनियमाखालील’ गुन्ह्यात आधीच जामिनावर असणे पुरेसे होते. त्यातील ‘किंवा अन्य कोणत्याही अधिनियमाखालील’ हे शब्द उच्च न्यायालयाने काढले आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

आता टिपणाविषयी. माझे पहिले टिपण चाळीस पानांचे होते, त्यात अनुच्छेद १४ आणि २१ वर विस्तृत विवेचन होते, आणि समितीच्या कचेरीतील एका वयस्कर अधिकाऱ्याने ते हातात तोलून मला विचारले, ‘साहेब, कोणत्या खंडात कोणता शब्द बदलायचा, ते कोणत्या पानावर आहे?’ ते कोणत्याच पानावर नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक हरकतीखाली मूळ खंड, सुचवलेला खंड आणि दोन वाक्यांत कारण, एवढेच लिहितो. समित्या सगळेच फेटाळतात हा समजही खरा नाही. न्याय संहितेच्या ऑगस्ट २०२३ च्या मसुद्यात समाजसेवा ही नवी शिक्षा होती, पण तिची व्याख्या नव्हती. संसदीय स्थायी समितीने ते दाखवल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या डिसेंबरच्या मसुद्यात स्पष्टीकरण आले. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने जात, धर्म आदी कारणांवरून केलेल्या खुनासाठी न्याय संहितेच्या पहिल्या मसुद्यात सात वर्षांची किमान शिक्षाही शक्य होती, म्हणजे साध्या खुनापेक्षा कमी. तो पर्यायही दुसऱ्या मसुद्यात उरला नाही. या दोन्ही जागा शब्दाला शब्द लावून वाचणाऱ्यालाच दिसण्यासारख्या होत्या.

शेवटचे दोन खंड वाचायला विसरू नका. व्यावृत्तीच्या खंडात जुन्या प्रकरणांचे काय ते असते. वाढीव शिक्षा पूर्वीच्या कृत्याला लागू शकत नाही, हे अनुच्छेद २० ने ठरवले आहे, पण सवलत जुन्या कैद्यांना मिळेल की नाही, हे लिहिले नसेल तर न्यायालयात जावे लागते. कलम ४७९ चा लाभ संहितेपूर्वीच्या कच्च्या कैद्यांनाही द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२४ मध्ये सांगावे लागले. आणि प्रारंभाच्या खंडात ‘वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळे दिनांक नियत करता येतील’ असे असेल, तर कोणता भाग आधी लागू होणार हे शासनाच्या हाती राहते. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे न्याय संहितेचे कलम १०६(२) आठवा. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ज्यांना ते लागू होणार होते त्यांच्याशी बोलणे झाले ते कायदा संमत झाल्यावर. १ जुलै २०२४ रोजी बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळलेले होते. आपल्या विधेयकात विशेष न्यायालयांचा भाग आणि वाढीव शिक्षेचा भाग एकाच दिनांकास लागू व्हावेत, अशी दुरुस्ती सुचवा, म्हणजे न्यायालये कागदावर राहिली आणि कोठड्या तेवढ्या भरल्या असे होणार नाही. तोंडी म्हणणे मांडण्यास विधान भवनात बोलावणे आले तर या दुरुस्तीची प्रत वेगळ्या पानावर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठांसह, सोबत न्या.